रंग लपवायचा कसा?

1980च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातल्या लाँग बीच इथल्या राज्य विद्यापीठात हेलन इरलेन नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाई प्रौढ विद्यार्थ्यांचा एक उपक्रम चालवत होत्या. विद्यार्थी बुद्धीने चांगले, पण शाळा कशीबशी रेटलेले. पुस्तक उघडून थोडा वेळ झाला की पान नकोसे व्हायचे. इरलेन यांनी आधी शाळांमध्ये काम केले होते. लहान मुलाला पान मुळातच असे दिसत असते, त्यामुळे ते तक्रार करत नाही. मोठ्या माणसाला मात्र विचारले तर सांगता येते, हे त्यांनी हेरले आणि प्रत्येकाला विचारले की पानाकडे बघताना नेमके काय होते. कुणाच्या ओळी सरकत होत्या, कुणाची अक्षरे थरथरत होती, कुणाला शब्दांपेक्षा शब्दांमधली पांढरी जागाच डोळ्यांत खुपत होती. इरलेन सांगतात त्याप्रमाणे, एकदा वर्गात कुणाकडे तरी डोळ्यांच्या जुन्या व्यायामातून उरलेला लाल प्लॅस्टिकचा पारदर्शक ताव होता, आपल्याकडे आकाशकंदिलाला लावतात त्या जिलेटिन कागदासारखा. दुसऱ्या कुणी तो सहज पानावर ठेवला आणि आनंदाने ओरडले. अक्षरे हलायची थांबली होती.

ऑगस्ट 1983 मध्ये ॲनाहाइम इथे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या अधिवेशनात इरलेन यांनी यावर निबंध वाचला. या त्रासाला त्यांनी ‘स्कोटोपिक सेन्सिटिव्हिटी सिंड्रोम’ असे नाव दिले. ‘स्कोटोपिक’ म्हणजे अंधुक प्रकाशातले; पण तशा प्रकाशात काम करणाऱ्या डोळ्यातल्या दंडपेशींशी या त्रासाचा संबंध कुणालाच दाखवता आला नाही, म्हणून पुढे हे नाव मागे पडले आणि ‘इरलेन सिंड्रोम’ रूढ झाले. त्याच वर्षी लाँग बीचला त्यांची संस्था उभी राहिली. प्रशिक्षित तपासनीस तयार होऊ लागले. तावांच्या जोडीला छटा दिलेली भिंगे आली, आणि त्या छटा ठरवण्याचे तंत्र संस्थेने आपल्याच हाती ठेवले. 1988 मध्ये ‘सिक्स्टी मिनिट्स’ या अमेरिकेतल्या लोकप्रिय दूरचित्रवाणी कार्यक्रमात ही भिंगे झळकली. मग काय विचारता! वर्षानुवर्षे वाचता न आलेला माणूस निळा चष्मा घालतो आणि कॅमेऱ्यासमोर घडाघडा वाचतो, यापुढे कुठल्या आकडेवारीचा टिकाव लागणार?

इरलेन यांच्या आधी हे निरीक्षण छापून आलेले होते, हे नमूद करायला हवे. न्यूझीलंडच्या ऑलिव्ह मीअर्स या शिक्षिकेने 1980 साली ‘व्हिजिबल लँग्वेज’ या नियतकालिकात, छापील मजकुरातला काळ्या-पांढऱ्याचा विरोध काही मुलांना कसा त्रास देतो, हे मुलांच्याच वर्णनांवरून मांडले होते. ब्रिटिश संशोधकांनी पुढे ‘मीअर्स-इरलेन सिंड्रोम’ असे जोडनाव वापरून हे ऋण फेडले. मीअर्स यांनी संस्था काढली नाही, भिंगे विकली नाहीत. त्यामुळे नाव झाले ते दुसरीचेच.

आता थोडे मागे जाऊ. रंगीत भिंगांच्या दाव्यामागे एक गृहीत होते: वाचता न येण्याचे मूळ डोळ्यांनी दिसण्यात आहे. हे गृहीत जुनेच, आणि त्याला पहिला धक्काही जुनाच. वाचनाच्या अडचणीची नोंद सर्वप्रथम घेतली ती डॉक्टरांनी, त्यातही नेत्रतज्ज्ञांचा पुढाकार होता. ‘डिस्लेक्सिया’ हा शब्दच श्टुटगार्टच्या रुडोल्फ बर्लिन या नेत्रतज्ज्ञाचा. ग्लासगोचे नेत्रशल्यविशारद जेम्स हिन्शेलवूड 1895 पासून ‘शब्दांधत्वा’वर लिहीत होते. त्यांचे वाचून ससेक्समधल्या सीफोर्ड गावच्या प्रिंगल मॉर्गन या डॉक्टरांनी नोव्हेंबर 1896च्या ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाची हकीकत दिली. हुशार, खेळात तरबेज, सात वर्षांचा असल्यापासून शिकवण्या चाललेल्या, तरी एकेका अक्षराचे साधे शब्दही वाचताना अडखळणारा. स्वतःचे नाव लिहिताना अक्षरांची अदलाबदल करणारा. पण 749 गुणिले 867 हा गुणाकार त्याने चटकन सोडवला आणि 649383 हे उत्तर बरोबर दिले. आकडे दिसतात, शब्द दिसत नाहीत, असा डोळ्यांचा आजार असू शकेल का? मॉर्गन यांनी त्याची दृष्टी चांगली असल्याचे नोंदवून ठेवले आहे. म्हणजे मेंदूकडे बोट दाखवणारा हा पुरावा रंगीत भिंगांच्या सत्त्याऐंशी वर्षे आधी छापला गेला होता.

1970च्या दशकात न्यूयॉर्क राज्यातल्या आल्बनी विद्यापीठाचे फ्रँक वेल्युटिनो यांनी यावर एक फार देखणा प्रयोग रचला. वाचनात मागे असलेल्या आणि चांगले वाचणाऱ्या, अशा दोन्ही प्रकारच्या मुलांना त्यांनी हिब्रू अक्षरे क्षणभर दाखवली आणि आठवून काढायला सांगितली. हिब्रू दोघांनाही सारखीच अनोळखी. डोळ्यांना अक्षरे उलटसुलट दिसत असती तर मागे पडलेली मुले इथेही मागे पडली असती. ती पडली नाहीत. त्याच काळात इझाबेल लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की अशा मुलांची खरी अडचण बोललेल्या शब्दाचे ध्वनी सुटे करण्यात असते. अक्षराचा ध्वनीशी मेळ बसत नाही, म्हणून शब्द हाती लागत नाही. लाँग बीचमध्ये लाल ताव पानावर पडला तेव्हा वाचनाचा अभ्यास करणाऱ्यांचे मत डोळ्यांकडून भाषेकडे बरेचसे वळलेले होते.

तरीही इरलेन यांचा दावा नुसता हसून सोडून देण्यासारखा नव्हता. लोकांना बरे वाटत होते, हे खरे होते. अडचण वेगळीच होती. औषधाची परीक्षा घ्यायची तर अर्ध्या लोकांना खरी गोळी द्यायची, अर्ध्यांना तशीच दिसणारी साखरेची, आणि कुणाला काय दिले ते रोग्यालाही कळू द्यायचे नाही, देणाऱ्यालाही नाही. पण रंगीत चष्मा घातलेल्या माणसापासून चष्म्याचा रंग कसा लपवणार? या एका प्रश्नाने पुढची तीसेक वर्षे संशोधकांना दमवले, आणि माझ्या मते या साऱ्या प्रकरणातला सर्वांत वाचनीय भागही तोच आहे.

सुरुवातीच्या अभ्यासांनी या प्रश्नाला बगलच दिली. चष्मा देण्याआधीचे वाचन आणि दिल्यानंतरचे वाचन, एवढीच तुलना. मूल काही महिन्यांत तसेही थोडे पुढे जाते, दुसऱ्यांदा तीच चाचणी सोपी जाते, आणि आपल्यासाठी कुणीतरी खास चष्मा बनवला आहे या जाणिवेनेच अंगात बळ येते. यातले काहीही वजा केलेले नसे. डिसेंबर 1990 मध्ये ‘जर्नल ऑफ लर्निंग डिसॅबिलिटीज’ने इरलेन भिंगांसाठी एक अंक वाहिला. त्यात बाजूचे लेख होते तसे झोडपणारेही होते. हॅरल्ड सोलन यांचा आक्षेप असा की जवळ बघताना दोन्ही डोळे नीट न जुळणे किंवा नजर नीट न ठरणे असे नेहमीचे, उपचार होण्याजोगे दोष आधी तपासलेच जात नाहीत. त्याच वर्षी मिचेल शायमन आणि सहकाऱ्यांनी इरलेन पद्धतीने निवडलेल्या 39 जणांचे डोळे पूर्ण तपासले, तर त्यांपैकी 95 टक्के लोकांत दृष्टीचे असे दोष सापडले. म्हणजे साध्या चष्म्याने किंवा डोळ्यांच्या व्यायामाने जे सुटले असते, त्यावर रंगाचे पांघरूण घातले जात होते.

यानंतर कथानक केंब्रिजला जाते, आणि तिथे ते पहिल्यांदा गंभीर होते. अर्नल्ड विल्किन्स हे तिथल्या वैद्यकीय संशोधन मंडळाच्या विभागातले मानसशास्त्रज्ञ. त्यांचा मूळ विषय वाचन नव्हे, अपस्मार. लुकलुकत्या प्रकाशाने ज्यांना झटके येतात अशा काही रुग्णांना नुसत्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांकडे बघूनही झटका येतो. कुठल्या जाडीच्या पट्ट्या अधिक घातक, याचा अभ्यास करता करता विल्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1984 साली ‘ब्रेन’ या नियतकालिकात मांडले की तशाच पट्ट्यांनी निरोगी माणसांचेही डोळे दुखतात, रंगांचे भास होतात, आणि ज्यांना डोकेदुखी जास्त त्यांना हा त्रासही जास्त. छापील पान म्हणजे तरी काय? काळ्या ओळी, पांढऱ्या फटी, पुन्हा काळ्या ओळी. पानाचा त्रास होतो म्हणणारी माणसे त्यामुळे विल्किन्स यांना खोटी वाटली नाहीत. त्यांची उपपत्ती अशी की दृष्टीशी संबंधित मेंदूचा भाग काही जणांत अतिउत्तेजित होतो आणि नेमकी छटा ती उत्तेजना दुसरीकडे वळवते. त्यांनी याला ‘व्हिज्युअल स्ट्रेस’, म्हणजे दृष्टीचा ताण, म्हटले. डिस्लेक्सियाहून हे वेगळे आहे, दोन्ही एकाच मुलात असू शकतात, हेही ते सांगत राहिले. विकणाऱ्यांच्या जाहिरातींत हा फरक फारसा टिकला नाही.

रंग लपवण्याची युक्तीही त्यांनीच काढली. ‘इंट्युटिव्ह कलरिमीटर’ नावाच्या त्यांच्या पेटीत मूल छापील मजकुराकडे बघते आणि त्यावर पडणाऱ्या प्रकाशाची छटा, गडदपणा आणि उजळपणा वेगवेगळे बदलता येतात. डोळा काही क्षणांत रंगाला सरावतो, त्यामुळे आपल्याला आवडलेली छटा नेमकी कोणती होती, हे मुलाला नंतर सांगता येत नाही. विल्किन्स यांनी याचाच फायदा घेतला. प्रत्येक मुलासाठी दोन चष्मे बनवले: एक निवडलेल्या छटेचा, दुसरा तिच्या जवळच्याच, पण त्या मुलाच्या स्वतःच्या निवडीनुसार उपयोग न होणाऱ्या छटेचा. दोन्ही एकेक महिना वापरायचे, कुठला आधी ते चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरलेले, आणि खरा कुठला हे मुलालाही ठाऊक नाही, तपासणाऱ्यालाही नाही.

हा प्रयोग 1994 साली प्रसिद्ध झाला. त्यात 68 मुले घेतली होती. रोज डोळे आणि डोके दुखले का याची डायरी पूर्ण ठेवली ती 36 जणांनी. खऱ्या छटेचा चष्मा असलेल्या दिवसांत तक्रारी कमी होत्या. वाचनाच्या चाचण्यांत मात्र दोन चष्म्यांमध्ये दखल घ्यावी असा फरक निघाला नाही. या दोन वाक्यांमध्ये सगळे भांडण सामावलेले आहे. समर्थकांनी पहिले वाक्य उचलले, विरोधकांनी निम्म्या डायऱ्या कुठे गेल्या असे विचारत दुसरे. खरे तर दोन्ही वाक्ये एकाच प्रयोगातली आहेत आणि ती एकत्रच वाचायला हवीत: काही मुलांना बरे वाटत असावे, पण वाचन सुधारले असे दिसले नाही.

वाचनात फरक पडतो हे दाखवण्यासाठी विल्किन्स यांनी नवीन मोजपट्टी तयार केली. 1996च्या त्यांच्या चाचणीत पंधरा अगदी सोपे, मुलांना पाठ असलेले शब्द ओळीओळीने उलटसुलट क्रमाने छापलेले असतात. अर्थ काहीच नाही. मिनिटभरात किती शब्द बरोबर वाचले ते मोजायचे. अर्थाचा आधार नसल्यामुळे फक्त बघण्याचा वेग कळतो, हा त्यामागचा तर्क. तर्क ठीक, पण मग ज्याला आपण वाचन म्हणतो ते यात मोजलेच जात नाही, हेही ओघानेच आले. 2002 मध्ये याच चाचणीवर बुल्दूकियान, विल्किन्स आणि एव्हान्स यांनी एक गमतीदार प्रयोग केला. वाचणाऱ्यांनी निवडलेला रंगीत ताव एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला फक्त अतिनील किरण अडवणारा ताव. हा दुसरा ताव फिका पडू नये म्हणून त्यावर संशोधनासाठीच्या खास नमुन्याचे भारदस्त लेबल चिकटवले आणि देताना त्याचे कौतुकही केले. रंग लपवता येत नसेल तर निदान थापेला थाप द्यावी! निवडलेला रंग तरीही जिंकला, पण सरासरी 4 टक्क्यांच्या आसपास. मिनिटाला शंभर शब्द वाचणारे मूल एकशे चार वाचू लागले. पालक ज्या चमत्काराची वाट बघत होते, तो एवढासा होता.

मध्यंतरी मेंदूविज्ञानाकडूनही थोडा पाठिंबा मिळेल असे वाटले होते. 1991 साली हार्वर्डमधल्या मार्गारेट लिव्हिंगस्टन आणि सहकाऱ्यांनी डिस्लेक्सिया असलेल्या पाच मृत व्यक्तींच्या मेंदूंत हालचाल टिपणाऱ्या मोठ्या पेशी लहान असल्याचे दाखवले. ऑक्सफर्डचे जॉन स्टाइन यांनी त्यावरून निळ्या आणि पिवळ्या काचांपर्यंत मजल मारली. 2013 मध्ये जॉर्जटाउन विद्यापीठाच्या गिनेव्हिअर ईडन यांच्या गटाने हे उलटे करून पाहिले: डिस्लेक्सिया असलेल्या मुलांची तुलना समवयस्कांशी न करता, तेवढेच वाचता येणाऱ्या लहान मुलांशी केली. फरक नाहीसा झाला. शिवाय ध्वनींवर आधारित शिकवणी दिल्यावर याच मुलांच्या मेंदूतली हालचाल टिपणारी क्रिया वाढली. म्हणजे ज्याला कारण समजत होते ते वाचन न झाल्याचा परिणाम निघाले.

निर्णायक म्हणावा असा घाव एडिनबरामधून आला. स्टुअर्ट रिची त्या वेळी तिथे संशोधक विद्यार्थी होते. पुढे विज्ञानातल्या बनवाबनवीवर त्यांनी पुस्तक लिहिले. सर्जिओ देला साला आणि रॉब मॅकिन्टॉश या त्यांच्या ज्येष्ठांबरोबर त्यांनी केलेला अभ्यास 2011 मध्ये ‘पीडियाट्रिक्स’मध्ये आला. त्यांनी रंग लपवण्याचा नादच सोडला. वाचनात अडचण असलेली, 7 ते 12 वर्षांची 61 शाळकरी मुले घेतली आणि ती इरलेन पद्धतीच्याच अधिकृत तपासनिसाकडे सोपवली. त्यामुळे ‘तुम्ही चुकीची मुले निवडली’ असे म्हणायची सोयच उरली नाही. तपासनिसाने 77 टक्के मुलांना इरलेन सिंड्रोम असल्याचे सांगितले आणि प्रत्येकाचा रंग ठरवून दिला. मग मुलांना वाचायला दिले: ठरवून दिलेल्या रंगाच्या तावाखाली, भलत्याच रंगाच्या तावाखाली आणि रंगाशिवाय. वाचून घेणाऱ्या संशोधकाला कुठल्या मुलाला कुठला रंग सांगितला आहे हे ठाऊक नव्हते. विल्किन्स यांची वेगाची चाचणी वापरली, अर्थपूर्ण उतारेही वाचून घेतले. कुठेही फरक नाही. पहिल्याच दिवशी कुठे फायदा होतो, थोडा वेळ द्या, या अपेक्षित उत्तराची सोयही त्यांनी केली होती: वर्षभराने त्यांतल्या मुलांना पुन्हा तपासले. तेव्हाही नाही.

दरम्यान डॉक्टरांच्या संघटनांनी आपले मत मांडून टाकले होते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञ आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी 2009च्या संयुक्त निवेदनात डिस्लेक्सिया ही भाषेवर आधारलेली अडचण असल्याचे सांगून रंगीत भिंगे आणि ताव यांच्या बाजूने पुरेसा पुरावा नाही, असे स्पष्ट केले. 2015 मध्ये ब्रिस्टल परिसरातल्या मुलांचा जन्मापासून चाललेला प्रचंड अभ्यास कामी आला. 7 ते 9 वर्षांच्या 5822 मुलांपैकी 172 जणांना वाचनाची गंभीर अडचण होती, आणि त्यांपैकी 80 टक्के मुलांची दृष्टी प्रत्येक तपासणीत सर्वसामान्य निघाली. सीफोर्डच्या मॉर्गन डॉक्टरांनी एका पर्सीवरून जे नोंदवले, त्याला आता हजारोंचा आधार मिळाला.

आपल्याकडे डिस्लेक्सिया घरोघर पोचला तो 2007च्या ‘तारे जमीन पर’मुळे, आणि अमोल गुप्ते यांनी लिहिलेल्या त्या चित्रपटातही अक्षरे नाचतात. पडद्यावर ध्वनी सुटे न होणे दाखवणार कसे? अक्षरे नाचवणे सोपे, आणि प्रेक्षकाला चटकन कळणारे. मात्र त्यातला शिक्षक ईशानला रंगीत चष्मा देत नाही. वाळूत, मातीत, हातांनी अक्षरे गिरवून घेतो, वाचायला शिकवतो. एवढ्या बाबतीत तो हिंदी चित्रपट रंगीत ताव वापरणाऱ्या ब्रिटिश शाळांच्या पुढे होता. महाराष्ट्रात तर 1996 पासूनच अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना शालान्त परीक्षेत सवलती मिळू लागल्या होत्या, आणि त्यांचा भर जादा वेळेसारख्या गोष्टींवर होता.

2016 साली एकाच विषयावर दोन पद्धतशीर आढावे निघाले. ब्रॅडफर्डच्या फिलिप ग्रिफिथ्स आणि सहकाऱ्यांनी सगळ्या पद्धतींचे सगळे प्रयोग तपासले. बहुतेकांत पक्षपाताला वाव आहे आणि वाचनाच्या अडचणींसाठी या भिंगांची शिफारस करता येत नाही, असे त्यांनी लिहिले. ब्रूस एव्हान्स आणि पीटर ॲलन यांनी फक्त विल्किन्स यांच्या तावांचे आणि कलरिमीटरचे प्रयोग घेतले आणि ते उपयोगी असल्याचे म्हटले. चाळणीची भोके किती मोठी ठेवायची यावर खाली काय पडेल हे ठरत होते. दोन वर्षांनी लंडनच्या कॅथरिन सटल आणि सहकाऱ्यांनी अशा आढाव्यांचाच आढावा घेतला. त्यांचा कौल ब्रॅडफर्डच्या बाजूने गेला. मला स्वतःला या घोळात सर्वांत खटकते ती चष्म्याची किंमत नव्हे. सातव्या-आठव्या वर्षी वाचनात मागे पडलेल्या मुलाच्या हाती ध्वनी आणि अक्षरे शिकून घेण्याचा काळ थोडाच असतो, आणि एकामागून एक छटा लावून पाहण्यात त्यातली वर्षे खर्ची पडतात.

विल्किन्स यांची पेटी मात्र पूर्ण वाया गेली असे म्हणता येणार नाही. 2011 मध्ये, म्हणजे एडिनबराचा निकाल लागला त्याच वर्षी, ते आणि त्यांच्या अमेरिकी सहकाऱ्यांनी अर्धशिशीच्या 11 रुग्णांना आणि 11 निरोगी माणसांना पट्ट्या दाखवून त्यांच्या मेंदूची प्रतिमा घेतली. नेमक्या छटेच्या भिंगामागून बघताना रुग्णांच्या दृष्टिकेंद्रातली अतिउत्तेजना कमी झाली. करड्या किंवा जवळपासच्या छटेने ती तेवढी कमी झाली नाही. अभ्यास छोटा आहे. पण अपस्माराच्या पट्ट्यांपासून सुरू झालेले त्यांचे काम डोकेदुखीपर्यंत सरळ येते, आणि त्या वाटेवर मधे शाळा लागायलाच हवी होती असे नाही.